वर्गणीची वही

वर्गणी हा शब्द कानावर पडला, की आपल्यापैकी बहुतेकांचा हात आपोआप दाराच्या कडीकडे जातो. गणपतीची वर्गणी, नवरात्राची वर्गणी, सत्यनारायणाची वर्गणी! पावतीपुस्तक घेतलेली चार पोरे जिन्यात दिसली, की "हे घरी नाहीत हो" असे आतून सांगण्याची तयारी प्रत्येक सुज्ञ गृहिणीने करून ठेवलेली असते. हे मी टीका म्हणून सांगत नाही. मीही अनेकदा असा 'घरी नसलेला' आहे. पण वर्गणीची आणखी एक जात होती. ती मागायला कोणी दारी येत नसे, देणाराच पगाराच्या दिवशी ती घेऊन जात असे. तिची पावती भिंतीवर लागली नाही, की तिच्यातून कसली मूर्ती बसली नाही. आणि तरीही, आजारपणाचा भत्ता, बाळंतपणाची रजा, म्हातारपणाची तरतूद असे जे काही आज कायद्याने आपल्या पदरात पडते, त्याचे मूळ शोधत गेले, तर ते त्या वर्गणीशी जाऊन पोहोचते.

माझे लहानपण लालबागच्या एका चाळीत गेले. वडील गिरणीच्या कचेरीत हजेरीचे कारकून होते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत असू आणि तळमजल्यावर कोपऱ्यात एक 'गावाची खोली' होती. मुंबईबाहेरच्या वाचकांना हा प्रकार थोडा समजावून सांगायला हवा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकाच गावचे पंचवीस-तीस पुरुष दहा बाय बाराच्या त्या खोलीत राहत. राहत म्हणजे काय, तर आळीपाळीने झोपत. रातपाळीचे गडी सकाळी येऊन आडवे होत, ते दिवसपाळीवाल्यांच्या अजून ऊब असलेल्या चटयांवर. भिंतीला वरपर्यंत फळ्या मारलेल्या, त्यांवर ज्याची त्याची पत्र्याची पेटी. जेवण शेजारच्या खानावळीत. बायकामुले गावी. शिमग्याला नाहीतर गणपतीला बोटीने गावी जायचे, आणि उरलेले वर्ष गिरणी, खोली व भजन.

अशा खोल्या एकट्या लालबागेत नव्हत्या. परळ, शिवडी, डिलाईल रोड, सगळे गिरणगाव त्यांनी भरलेले होते. धोबीतलाव आणि माझगावला गोवेकरांचे कुड होते, तेही गावागणिक. बोटीवर खलाशी किंवा आचारी म्हणून गेलेला माणूस आपली पेटी कुडात ठेवून निर्धास्तपणे समुद्रावर जाई, आणि परत आला की नवी नोकरी लागेपर्यंत त्याला तिथे आसरा असे. संध्याकाळी वेदीपुढे रोजारीची प्रार्थना. आमच्या तळमजल्यावर मृदंग आणि टाळ. देव वेगळे, पण वहीची आखणी तीच.

त्या वहीविषयीच मला सांगायचे आहे. खोलीतल्या मंडळींना अक्षरओळख बेताची. म्हणून दर महिन्याला पगाराच्या रविवारी रात्री माझ्या वडिलांना खाली बोलावणे येई. ते धोतराचा सोगा सावरत, कानाला टाक लावून जात आणि मी दौत सांभाळत त्यांच्या मागे. लाल कापडी बांधणीची लांबट वही. डावीकडे नावे, पुढे महिन्यांचे रकाने. प्रत्येकाने सव्वा रुपया द्यायचा: त्यात खोलीचे भाडे, रॉकेल, पाण्याच्या पिंपाची डागडुजी; आणि चार आणे 'फंडा'चे. फंड कशासाठी, हे पहिल्या पानावर लिहून ठेवलेले होते. आजारी पडून गावी जायचे झाल्यास बोटीचे भाडे. काम सुटल्यास दोन महिने खोलीचे भाडे माफ. आणि मरण आल्यास क्रियाकर्माला पंचवीस रुपये व घरच्या माणसांना पन्नास. शेवटची ओळ अशी होती: तीन महिने वर्गणी न दिल्यास हक्क राहणार नाही.

'हक्क' हा शब्द तिथे कोणी घातला, ते मला ठाऊक नाही. पण तो घालणारा माणूस मोठा शहाणा असला पाहिजे.

१९५५ सालच्या डिसेंबरात त्या खोलीतला एक साचेवाला वारला. छातीचे दुखणे. वर्षभर खोकत होता. विम्याच्या योजनेतून, म्हणजे त्या वेळी मुंबईत नुकत्याच आलेल्या राज्य कामगार विमा योजनेतून, त्याला काही आठवडे भत्ता मिळाला. मुदत संपल्यावर तो थांबला. पगार नाही, भत्ता नाही, म्हणून वर्गणीही नाही. वडिलांनी वही उघडली तेव्हा त्याच्या नावापुढे एकामागून एक चार रकाने कोरे होते.

त्या रात्रीची बैठक मला अजून दिसते. कंदिलाभोवती वीस-बावीस माणसे, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हते. शेवटी एक तरुण गडी बोलला, "नियम म्हणजे नियम. आज हेका दिलो, तर उद्या कोण वर्गणी भरतलो?" तो काही दुष्ट नव्हता. त्याचेही म्हणणे खरेच होते. फंडात त्या वेळी एकशे सत्तर रुपये होते आणि खोकणारी आणखी दोन माणसे त्याच खोलीत बसलेली होती. एक म्हातारा एवढेच म्हणाला, "आज तेका, उद्या माका." मग पुन्हा गप्प.

एवढ्यात दारात खानावळवाली बाई येऊन उभी राहिली. साताऱ्याकडची विधवा बाई. दोन्ही वेळा तीस-पस्तीस माणसांच्या भाकऱ्या थापायची. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "त्याच्याकडं माझं बावीस रुपयं ऱ्हायल्यात. ते म्या सोडलं. आता तुमचं तुमी बगा." आणि गेली.

बावीस रुपये म्हणजे त्या बाईच्या दृष्टीने केवढी रक्कम होती, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते. पुढे जे झाले ते मला फार मोलाचे वाटते. "बिचाऱ्याची बायको आहे, पोरे आहेत, देऊन टाकू" असे कोणी म्हटले नाही. म्हाताऱ्याने कनवटीची पुरचुंडी सोडली, आणखी तिघांनी खिशात हात घातला, आणि चौघांनी मिळून मेलेल्या माणसाची चार महिन्यांची थकबाकी भरली. वडिलांनी ती तारीखवार जमा केली. मग फंडातून नियमाप्रमाणे पंचाहत्तर रुपये खर्ची पडले. तरुण गड्याने स्वतः ते पैसे घेऊन गावी जायचे कबूल केले. त्या माउलीच्या हातात पडले ते तिच्या नवऱ्याचे पैसे होते. कोणाचे उपकार नव्हते.

भीक आणि उसने, हे दोनच प्रकार गरिबाला फार पूर्वीपासून माहीत होते. भीक घेतली तर मान खाली. उसने घेतले तर पठाण दारात, काठीसह. या दोहोंच्या मध्ये तिसरी वाट काढली ती अशा वह्यांनी. अंगात ताकद असताना चार आणे टाकायचे आणि ताकद गेली की ताठ मानेने हात पुढे करायचा. यात दया नाही, व्याज नाही. मोठ्या विमा कंपन्यांचे गणितशास्त्रही याहून निराळे काय सांगते?

गंमत अशी, की गिरणी कामगारांच्या पहिल्यावहिल्या संघटनेला हीच गोष्ट जमली नव्हती. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारला धाडले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळच्या वेळी, आणि यंत्रात सापडून जायबंदी झालेल्याला भरपाई, या त्यांच्या मागण्या. त्यांतली रविवारची सुट्टी १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली. आज रविवारी दुपारी आपण जी झोप काढतो, तिच्या उशाशी लोखंड्यांचे नाव असायला हवे. पण त्यांच्या मिल हँड्स असोसिएशनविषयी १८९२ च्या सरकारी अहवालाने असा शेरा मारून ठेवला आहे, की हिला सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियमही नाहीत. शेरा खोटा नव्हता. मात्र यादी, निधी आणि नियम या तिन्ही वस्तू त्याच गिरणगावात खोल्याखोल्यांच्या फळीवर पत्र्याच्या पेट्यांत बंद होत्या. साहेब तिथवर वाकून आत गेला नाही, इतकेच. पुढे १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना लोखंडे स्वतःच प्लेगने गेले.

जगात इतरत्रही हे असेच घडलेले आहे. वेल्समध्ये ट्रेडेगार नावाचे कोळसा-पोलादाचे गाव आहे. तिथल्या कामगारांनी पगाराच्या पौंडामागे तीन पेन्स कापून देण्याचे ठरवले आणि आपले वैद्यकीय मदत मंडळ उभे केले. मंडळाचे डॉक्टर, मंडळाचा दवाखाना, मंडळाचे दाताचे वैद्यसुद्धा. गावातील बहुतेक घरे त्यात होती. ए. जे. क्रोनिन हा तरुण डॉक्टर १९२० नंतरच्या वर्षांत तिथे नोकरीला होता. त्याची 'सिटाडेल' ही कादंबरी आपल्याकडच्या जुन्या वाचकांनी वाचलेली असेल, निदान तिच्यावरचा १९७१ चा 'तेरे मेरे सपने' तरी पाहिला असेल. त्याच गावातला खाणकामगाराचा मुलगा अन्युरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला, आणि ५ जुलै १९४८ ला साऱ्या ब्रिटनला मोफत वैद्यकीय सेवा मिळू लागली. आपल्या गावात जे होते, तेच मी देशभर केले, असे तो सांगत असे. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ चा आजारविमा आणला तोही आधीपासून चालत आलेल्या कामगारांच्या पेट्यांवरच. त्यात दोन हिस्से कामगाराचे आणि एक मालकाचा. बिस्मार्क काही संत नव्हता. समाजवाद्यांचे वारे काढून घेण्याचा त्याचा डाव होता. पण डावासाठी का होईना, त्याला वर्गणीची वहीच उचलावी लागली.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग वह्याच बऱ्या होत्या, सरकारने कशाला मध्ये पडायचे? अलीकडे असे म्हणणाऱ्यांची संख्याही बरीच वाढली आहे. मला ते पटत नाही, आणि न पटण्याची कारणे मी त्या तळमजल्यावरच पाहिली आहेत.

एक म्हणजे, वही गावाची आणि गावही सगळे नव्हे. आमच्या खोलीत एका विशिष्ट जातीचीच माणसे होती. त्याच गावच्या महारवाड्यातली माणसे डिलाईल रोडला निराळ्या खोलीत राहत. त्यांना गिरणीतही साचेखात्यात, जिथे पगार बरा, तिथे शिरकाव नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याचा विटाळ! हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी चव्हाट्यावर आणला. तात्पर्य, ज्यांचा पगार सर्वांत कमी, त्यांची वहीही सर्वांत अशक्त. आपापसांतली मदत ही 'आपण' कोण, यावर अडून बसते.

दुसरे, सगळ्यांवर एकदम संकट आले, की वही कोलमडते. एक आजारी पडला तर चोवीस जण त्याला उचलतील. चोवीस आजारी पडले तर? १८९६ च्या प्लेगात मुंबईतून लाखो माणसे पळाली, तेव्हा कोणाचा फंड आणि कोणाची वर्गणी!

आणि तिसरी गोष्ट ती खानावळवाली. बावीस रुपये सोडणाऱ्या त्या बाईचे नाव त्या वहीत कधीच नव्हते. ती गावची नव्हती, पुरुष नव्हती, गिरणीत नव्हती. ती आजारी पडली असती तर कोणत्या पानावर खर्ची पडली असती?

बायकांच्या बाबतीत कायद्यालाच पुढे यावे लागले, आणि तोही सुखासुखी आला नाही. मुंबईत १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा, वाचनालये आणि सहकारी पतपेढ्या चालवणारे नारायण मल्हार जोशी १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. बाळंतपणाच्या विश्रांतीचा ठराव तिथे झाला. परत आल्यावर १९२४ साली त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात तसे विधेयक आणले, ते पडले. मग १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात आसवले यांनी विधेयक मांडले. डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बोजा खरे तर सरकारने उचलावा. पण बायकांच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यानेही काही भार सोसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. १९२९ साली कायदा झाला: दिवसाला आठ आणे. तोवर साचाखात्याच्या बाहेर, त्रासनाच्या पाट्यांशी उभ्या असलेल्या बाया नवव्या महिन्यापर्यंत काम करीत आणि पोर आठ-पंधरा दिवसांचे झाले की अफूची मात्रा चाटवून पुन्हा पाळीवर हजर होत. हे मी कोणाला रडू यावे म्हणून लिहीत नाही. त्या काळी ते इतके नेहमीचे होते, की त्याबद्दल कोणी रडतही नसे.

आठ आणे मिळू लागले आणि काही मालकांनी बायकांना कामावर घेणेच कमी केले, हीही त्या कथेची दुसरी बाजू आहे. भार एकट्या मालकावर टाकला की तो असे करणारच. म्हणून १९४४ साली प्रा. बी. पी. अडारकर यांनी आपल्या अहवालात जी योजना सुचवली, तीत कामगार आणि मालक दोघांचीही वर्गणी एका मोठ्या निधीत जमा व्हायची होती. त्यावरून १९४८ चा कायदा, १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत सुरुवात, आणि १९५४ साली मुंबई. आमच्या साचेवाल्याला मिळालेला भत्ता तो हाच.

खोलीतल्या मंडळींना ही सरकारी वर्गणी प्रथम अजिबात आवडली नव्हती. "पगारातून परस्पर कापतात, विचारत नाय," ही त्यांची मुख्य तक्रार. पैशापेक्षा न विचारल्याचे दुःख अधिक. विम्याच्या दवाखान्यात तीन तास रांगेत उभे राहायचे, आणि खिडकीतला माणूस नाव न विचारता नंबर विचारणार. तळमजल्यावर नंबर नव्हता. पण तळमजल्यावर आठ आठवड्यांचा अर्धा पगार द्यायची ऐपतही नव्हती. म्हणून मंडळींनी कोकणी शहाणपणाने दोन्ही चालू ठेवले. कार्ड पेटीत आणि वही फळीवर.

वडील निवृत्त झाल्यावर काही वर्षे मी ती वही लिहिली. मग आम्ही उपनगरात राहायला गेलो. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली, आणि गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या कधी सुरू झाल्याच नाहीत. सगळ्यांवर एकदम संकट आले, की काय होते, ते मी वर लिहिले आहेच. त्या संपात फंड पहिल्या दोन-तीन महिन्यांत आटले. त्यानंतरही कित्येक घरांत चूल पेटत राहिली, ती खानावळवाल्या बायांनी उधारीवर घातलेल्या जेवणामुळे. मात्र या वेळी त्यांतल्या अनेकजणींच्या मागे त्यांची स्वतःची वही होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते आणि सावकाराच्या दारी जाणाऱ्या खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले होते. पहिल्या तुकडीत चौदा जणी. बँकेने तारण मागितले तेव्हा त्या एकमेकींना जामीन राहिल्या. आमची साताऱ्याची बाई तोवर हयात नव्हती.

आता आमच्या इमारतीच्या फाटकाशी संध्याकाळी मोटारसायकली उभ्या करून जेवणाचे डबे पोचवणारी पोरे बसलेली असतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांच्यासारख्यांचा उल्लेख प्रथमच आला, हे मी वाचले होते. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यातला एक जण घसरून पडला, पाय मोडला. मी सहज चौकशी केली तर एकाने मोबाइल काढून दाखवला. गटाचे नाव, खाली माणसांची नावे, आणि प्रत्येकापुढे आकडा: पन्नास, शंभर, पन्नास. दर महिन्याला काढतात म्हणे.

"हिशेब कोण ठेवतं रे?" मी विचारले.

"आमच्यात एक बारावी झालाय काका, कॉमर्सवाला," तो म्हणाला. "तो लिहितो."